रूथबाईंचा शब्द

आमच्या कंपाउंडात शब्द चालायचा तो दादांचा. नळावर घागर आधी कुणाची, जिन्याखाली सायकल कुणी लावायची, पोराला कुठल्या मीडियमच्या शाळेत घालायचं, रुसून माहेरी गेलेल्या सुनेला आणायला कुणी जायचं, असले सगळे प्रश्न फिरून फिरून आमच्या उंबऱ्याशी यायचे. दादा कचेरीतून आले, हातपाय धुऊन चहा प्याले, की मग निकाल व्हायचा. दादा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत क्लार्क होते, पण बोलायला लागले की समोरच्याला साहेब वाटायचे. मराठवाड्यातलं गाव सोडून ते हैदराबादला आले, शिकले, नोकरीला लागले, आणि दर रविवारी संध्याकाळी नामपल्लीकडच्या आमच्या विहारात भाषण करू लागले. वंदना झाली की लोक सतरंजीवर पुढे सरकून बसायचे. मी पहिल्या रांगेत असायची, आणि लोक कुठल्या वाक्याला माना डोलावतात ते बघायची, कारण त्यातली बरीच वाक्यं माझी असायची.

हे मी फुशारकीने सांगत नाही. खरंच तसं होतं. शनिवारी दादा खाटेवर उशीला टेकून बसायचे, मी खाली जमिनीवर वही घेऊन. ते बोलायचे, मी लिहायची, आणि लिहिता लिहिता अडवायची. 'दादा, इथे गुलामी नको, लाचारी म्हणा.' 'का?' 'गुलामी दुसरा लादतो. लाचारी आपण पत्करतो.' मग ते चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघायचे आणि आईला हाक मारून म्हणायचे, 'ऐकलंस का, ही मला शिकवू लागली.' मागच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरातून आईची भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि येसर मसाल्याच्या आमटीचा वास यायचा. धाकटा मिलिंद भूक लागली म्हणून भुणभुणायचा. एकेका शब्दावरून आमचं इतकं वाजायचं, की वरच्या मजल्यावरचे हमीदभाई गॅलरीतून वाकून विचारायचे, 'क्या कुंदाबेटा, अब्बा को जिताए की हराए?' अकरावी-बारावीची ती वर्षं. इंटरमीजिएटला मी वक्तृत्वाची ढाल आणली होती. जगात दादांच्या नंतर माझाच नंबर, असं मला मनापासून वाटायचं.

आता त्या रस्त्यावरून मेट्रो जाते. कंपाउंडाच्या जागी काचेच्या दारांची दुकानं आहेत. नातीला दाखवायला नेलं तर ती म्हणाली, 'अज्जी, इधर तुम्ही सगळे कैसे राहत होते? इतना छोटा जागा.' छोटीच होती. आठ बिऱ्हाडं, चार खाली, चार वर, पुढे लाकडी खांबांवर तोललेली गॅलरी, मधे फरशीचं अंगण आणि अंगणात एकच नळ. खोली प्रत्येकाला एक. त्यामुळे ज्याने त्याने मागे किंवा गॅलरीच्या टोकाला पत्रे ठोकून जागा वाढवून घेतली होती. आमचं स्वयंपाकघर असंच वाढवलेलं. मालकाला विचारलं नव्हतं. भाडं घ्यायला तो यायचा, पत्रे बघायचा आणि गप्प राहायचा.

रूथबाई राहायला आल्या तेव्हा कंपाउंडात मराठी बोलणारं आमचं एकटंच घर होतं. त्या जालन्याकडच्या. जामबागेतल्या एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. नवरा, सॅम्युएलकाका, छापखान्यात होते, पण अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. तोंडातून अर्धा शब्द निघायचा, पुढचा सापडला नाही की ते संतापून हातातलं भांडं फेकायचे. वरच्या कोपऱ्यातली खोली त्यांनी घेतली, आणि गॅलरीच्या टोकाला आधीच्या भाडेकरूने उभारलेला पत्र्याचा आडोसा पडायला झाला होता, तो पाडून रूथबाईंनी नीट खोली करून घेतली. काकांची खाट त्यात, कारण तिथे वारा यायचा आणि मोरी जवळ होती. आतल्या खोलीत शिवणयंत्र. शाळेतून आल्या की दिवेलागणीपर्यंत ते यंत्र आमच्या डोक्यावर चालायचं.

दादांनी पहिल्याच आठवड्यात माहिती काढली. रूथबाईंचे आजे आणि आमचे आजे एकाच तऱ्हेच्या वस्तीतले, गावाबाहेरच्या. त्यांच्या आज्यांनी मिशनचा रस्ता धरला, आम्ही पुढे धम्माचा. म्हणजे नातं निघालं तर निघेल इतकी जवळची माणसं. पण दादांना त्यात आनंद वाटला नाही. आईला म्हणाले, 'सांभाळून राहा. ही मंडळी आधी गोड बोलतात, दूध-औषध देतात, मग एक दिवस पुस्तक काढतात.' आई म्हणाली, 'काढू द्या. मला कुठं वाचता येतंय.'

पुस्तक काही निघालं नाही. बाकी जे निघालं त्याची मात्र दादांनी तयारी केली नव्हती.

लक्ष्मम्माच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या रेशमी झंपराचं कापड रूथबाईंकडे गेलं. लक्ष्मम्मा आमच्या शेजारची, तोंडाची फटकळ, कुणाचं ऐकून न घेणारी बाई. दोन दिवसांनी रूथबाई स्वतः खाली आल्या आणि भर अंगणात, नळावर बायका असताना म्हणाल्या, 'अक्का, कापड मी चुकीचं कापलं. ध्यान नव्हतं माझं. दुसरं आणलंय, रंग तोच मिळाला, पोत जरा वेगळाय. बघून घ्या.' पुढे-मागे जोड दिला असता तर कुणालाही कळलं नसतं, हे नळावरच्या सगळ्या बायकांना माहीत होतं. लक्ष्मम्माने कापड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, 'मी सांगितलं नसतं तर मला समजलं असतं का?' म्हणजे 'तुम्ही' म्हणायचं होतं तिला, तिचं मराठी तसंच. 'नसतं समजलं,' रूथबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून लक्ष्मम्मा आपल्या घराची किल्ली वर ठेवून कामाला जाऊ लागली. आधी ती आमच्याकडे ठेवायची.

दुसरं म्हणजे त्यांच्याकडे गेलेली गोष्ट परत बाहेर येत नसे. आठ घरांच्या बायका झंपराचं माप द्यायला वर जायच्या आणि तासभर बसायच्या. एका घरातलं दुसऱ्या घरात सांगायची त्यांना सवयच नव्हती. हमीदभाईंच्या सुनेचं आणि सासूचं भांडण होतं तेव्हा दोघीही त्यांच्याकडे जाऊन रडायच्या, आणि दोघींनाही वाटायचं की बाई माझ्या बाजूची आहे. दादांनी त्या भांडणाचा दोनदा निकाल दिला होता. दोन्ही निकाल टिकले नव्हते.

मग आईला विषमज्वर झाला. रूथबाई शाळेतून आल्या की आधी काकांना भरवायच्या, मग आमच्याकडे येऊन आईचं अंग पुसायच्या, पेज करून ठेवायच्या. मी टपून बसलेली असायची, की आता हात जोडतील, आता येशूचं नाव काढतील. एकदा आईनेच विचारलं, 'ताई, तुम्ही रोज डोळे मिटून बसता, काय मागता हो?' त्या म्हणाल्या, 'ह्यांचा राग कमी होऊ दे म्हणते. आणि माझा.' 'तुम्हाला कुठं राग येतो?' 'येतो की. ह्यांनी ताट फेकलं की वाटतं, आपणही फेकावं एक.' आई हसली. तापात पहिल्यांदा हसली. मी दाराशी उभी होते. तिला हसवायचा मी किती दिवस प्रयत्न करत होते, आणि हिने एका ताटात काम केलं. मी वळले आणि अंगणात जाऊन उभी राहिले. त्याला हेवा म्हणतात हे मला तेव्हा माहीत होतं. दादांच्या भाषणांत तृष्णेवर आणि मत्सरावर मीच तर लिहिलं होतं.

आई बरी झाली आणि दुपारचं वर जाऊन बसू लागली. काज-बटणं करू लागते म्हणायची. एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. घराला कडी. जिना चढून वर गेले, तर आतून रूथबाईंचा आवाज आला, 'आज असती तर सुजाताला वीस लागलं असतं की हो.' आणि आईचा, अगदी हळू, 'उजवीकडं खळी पडायची तिच्या.' मी तशीच पायऱ्या उतरून आले. संध्याकाळी भाकरी करताना आईला विचारलं, 'सुजाता कोण?'

आईचा हात थांबला नाही. 'तुझी मोठी बहीण. सात महिन्यांची होऊन गेली. गावाकडं.'

'मला का नाही कधी सांगितलंस?'

'तुला सांगितलं असतं तर तू दादांना विचारत बसली असतीस. मग त्यांनी मला समजावलं असतं. दुःख का होतं, कशानं होतं. तुमच्या दोघांच्या पोटात काही राहत नाही, कुंदा. सगळ्याचं भाषण होतं.'

हे ती रागाने म्हणाली नाही. भाकरी उलटली आणि पाण्याचा हात फिरवला. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. माझ्या आईच्या पहिल्या लेकराचं नाव एका परक्या बाईला माहीत होतं, ती त्याची वर्षं मोजत होती, आणि मला बहीण होती हेच माहीत नव्हतं. त्यानंतर डोक्यावर यंत्र सुरू झालं की मी मुद्दाम रेडिओ मोठा करायची.

मालकाने दावा लावला तो या सुमारास. त्याला जागा रिकामी करून हवी होती. दाव्यात दोन गोष्टी होत्या. एक, भाडेकरूंनी परवानगीशिवाय बांधकाम केलं. दोन, इमारत मोडकळीला आली आहे, गॅलरी केव्हाही पडेल. गॅलरी मोडकळीला आली होती हे खरं, पण ती आणली गेली होती. लक्ष्मम्माच्या मुलीच्या लग्नाला कंपाउंडातल्या सगळ्या बायका गेल्या होत्या, पुरुष कामावर होते, तेव्हा मालकाची माणसं येऊन मधले दोन खांब काढून घेऊन गेली. जाताना नळाची मुख्य तोटीही बंद करून गेली. घरी होत्या एकट्या रूथबाई, कारण त्या दिवशी काकांना ताप होता, आणि त्यांना सोडून शाळेत काय, लग्नालाही जाता आलं नव्हतं. त्यांनी वरून विचारलं, तर माणसं म्हणाली, 'मालिक का हुकुम है.' संध्याकाळी त्यांनी हे दादांना येऊन सांगितलं. आता मालक म्हणत होता की खांब वाळवीने आपोआप पडले.

कोर्टाने जागेची पाहणी करायला एक वकील नेमला. त्याला सगळे कमिशनर म्हणत. तो येण्याच्या आदल्या संध्याकाळी दादांनी अंगणात सगळ्यांना जमवलं. मी शेजारी वही घेऊन उभी. दादांनी समजावून सांगितलं, तेलुगूत, उर्दूत, मग मराठीत, की सगळ्यांनी दोन गोष्टी एकसारख्या सांगायच्या. पत्र्याच्या खोल्या आम्ही आलो तेव्हापासून आहेत. आणि खांब काढताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं. 'एका बाईची साक्ष कोण धरतो? आठ घरांनी पाहिलं म्हटलं की वजन येतं.' हे वजनाचं वाक्य माझं होतं.

रूथबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या उठल्या. 'दादा, खांब काढले ते मी पाहिलं. तेवढं मी सांगेन. पण तुम्ही पाहिलं नाही, तर पाहिलं असं सांगू नका.'

'बाई, खोटं थोडंच आहे? घडलंय ते.'

'घडलंय. पण तुम्ही पाहिलं नाही. आणि पत्रे तर आपणच ठोकले.'

दादांचा आवाज चढला. 'तुमच्या यजमानांचा आडोसा जाईल. कळतंय का?'

'कळतं.'

'आणि आमची स्वयंपाकघरं? ती घालवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?'

त्या पायरीवरून अंगणात उतरल्या. मग म्हणाल्या, 'मला विचारलं नाही तर मी आपणहून बोलणार नाही. विचारलं तर खोटं सांगणार नाही. माझ्याने होणार नाही, दादा. माफ करा.'

लक्ष्मम्मा उठून तेलुगूत काहीबाही बोलली. हमीदभाई म्हणाले, 'आपा, थोडा समझो, सब का घर है.' रूथबाईंनी त्यांना हात जोडले आणि जिना चढून गेल्या. पाठीमागे सगळे एकदम बोलू लागले. दादा म्हणाले, 'यांचं पुण्य आपल्या डोक्यावर पत्रा ठेवणार नाही.' लोकांनी माना डोलावल्या. मी आईकडे बघितलं. ती जिन्याकडे बघत होती.

आमचा नळ बंदच होता; दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या नळावर रूथबाईंची घागर कुणी पुढे सरकवली नाही. लक्ष्मम्माने किल्ली काढून घेतली आणि आमच्याकडे आणून दिली. ती किल्ली मी खुंटीला लावली, आणि खरं सांगायचं तर किती दिवसांनी मला इतकं हलकं वाटत होतं. मी गाणं गुणगुणत वेणी घातली.

कमिशनर म्हणून आलेला गृहस्थ बुटका, घामेजलेला आणि कंटाळलेला होता. बरोबर मालकाचा मुनीम. दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली आणि फार चांगलं बोलले. भाडेकरूंचे हक्क, माणुसकी, कायदा, सगळं आलं. कमिशनर लिहीत होता. मग त्याने उर्दूत विचारलं, 'खंबे निकाले बोलरे, आप खुद देखे?'

'हौ, देखा.'

'दिन का कौनसा वक्त था?'

'सुबह. दस-ग्यारह.'

'नौकरी को नहीं गए उस रोज?'

दादा थांबले. सबंध आयुष्यात मी त्यांना शब्दासाठी थांबलेलं पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे बघू लागले, जसे शनिवारी बघायचे, आणि माझ्याकडे काही नव्हतं. मुनीम हसला. कमिशनरने हमीदभाईंना विचारलं, ते म्हणाले, 'सब देखे, साब,' आणि कुठून पाहिलं ते त्यांना सांगता येईना. लक्ष्मम्मा म्हणाली तीन खांब काढले. कमिशनरने पेनला टोपण लावलं. 'पुरा कंपाउंड झूट बोलरा,' तो मुनिमाला म्हणाला, आणि पाहायचं म्हणून जिना चढू लागला. आम्ही मागोमाग.

रूथबाई काकांना पेज भरवत होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली. कमिशनरने पत्र्यावर हात आपटून विचारलं, 'ये कब से है, अम्मा? और नीचे के पत्रे? तुम भी बोलो, पहले से है.'

'नै साब,' त्या म्हणाल्या, 'पहले से नहीं है. पुराना पत्रा गिरा के मैं आने के बाद नई बनाई. नीचे के पत्रे भी लोगां बाद में डाले. जगह कम पड़ती, इसलिए डाले.'

माझ्या मागे कुणीतरी 'अल्ला' म्हणालं. मुनिमाचं तोंड खुललं. 'लिख लो साब, लिख लो,' तो म्हणाला.

कमिशनरने टोपण काढलं. 'मालिक से पूछे थे?'

'नहीं पूछे.'

'खोली टूटेगी तुम्हारी. मालूम?'

'मालूम.'

'और खंबे?'

'खंबे मालिक के आदमी निकाले. दो. मैं यहीं खड़ी थी. मैं पूछी, तो बोले मालिक का हुकुम है. नल भी वोइच लोग बंद किए. बाकी कोई नहीं था, औरतां शादी को गए थे, मर्दां काम पे.'

मुनीम पुढे सरसावला. 'साब, ये सब मिले हुए लोगां हैं. एक ही जात के हैं नीचेवाले और ये.'

कमिशनर त्याच्याकडे वळला. त्याचा कंटाळा गेला होता. 'ये अम्मा अभी आप के फायदे की बात बोली, अपना नुकसान करके. वो तो आप लिख लो बोले. अब ये भी लिखना पड़ता.' आणि तो खाली गेला, खांबांच्या जागी वाकून बसला, बोटाने खाचा चाचपल्या. ताज्या करवतीच्या खुणा होत्या. त्या तिथे होत्याच, पण आम्ही सगळे एका सुरात बोलत असताना त्याला वाकून बघावंसं वाटलं नव्हतं.

निकाल लागायला बरेच महिने गेले. पत्रे पाडायचा हुकूम झाला. घरं राहिली. मालकाने खांब बसवून द्यायचे आणि पाणी सोडायचं, असंही झालं. पाडायला माणसं आली त्या दिवशी आईने चुलीवरची आमटी उतरवून पलंगाखाली ठेवली, आणि आमचं स्वयंपाकघर तासाभरात आभाळाखाली आलं. वरच्या काकांच्या खोलीचे पत्रे निघाले तेव्हा ते खूप ओरडले. त्यांची खाट आत घेतली. यंत्र आणि खाट यांच्यात एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढीच जागा उरली. रूथबाई तिथे उभ्या राहून शिवायला लागल्या असत्या तरी मला नवल वाटलं नसतं.

त्यानंतर लोक वर जाऊ लागले. आधी बायका, मग पुरुषही. नळाची पाळी, सायकल, सून, पोरांच्या शाळा, सगळं वर. हमीदभाई आपल्या धाकट्याला घेऊन गेले आणि म्हणाले, 'आपा, आप बोलेंगे तो मानेगा.' रूथबाई निकाल देत नसत. 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारायच्या आणि ऐकत बसायच्या. लोक आपणच निकाल करून खाली यायचे आणि म्हणायचे, आपांनी सांगितलं. मला हे असह्य व्हायचं. दादांसारखा माणूस, वाचलेला, लढलेला, खाली खाटेवर बसलेला, आणि जिना भरून वाहतोय. दादा पुष्कळ शांत झाले होते. शनिवारी वही घेऊन मी बसले तर म्हणायचे, 'आज राहू दे.' विहारात दोन रविवार दुसऱ्याच कुणी भाषण केलं.

मग एका शनिवारी कचेरीतून आल्यावर चहा न घेताच ते जिना चढून गेले. मी खाली उभी राहिले. फार वेळ लागला नाही. उतरताना त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. 'उद्या येणार आहेत त्या. विहारात,' म्हणाले.

'आपल्यात कशाला?'

'मी बोलवलं.'

'मग लिहायचं ना? विषय काय?'

'लिहायचं नाही,' दादा म्हणाले.

रूथबाई आल्या. सकाळी आपल्या चर्चला जाऊन आल्या होत्या, तेच पांढरं पातळ. आईच्या शेजारी शेवटच्या रांगेत बसल्या. दादा उभे राहिले आणि पहिलं वाक्य म्हणाले, 'मी माझ्या शेजाऱ्यांना खोटं बोलायला शिकवलं.' नंतर सगळं सांगितलं. अडखळत, मागेपुढे करत, एकही वाक्य धड नाही. वजनाचं वाक्यही सांगितलं, पण ते स्वतःच्या नावावर. माझं नाव घेतलं नाही. 'खोटं न बोलणं हे आपल्या पंचशीलात आहे. मी दर रविवारी तुमच्याकडून म्हणवून घेतो. आणि ते पाळून दाखवलं कुणी, तर ज्यांच्या घरात ते वेगळ्या पुस्तकात लिहिलंय, त्यांनी.' लोक माना डोलावत नव्हते. ते दादांकडे असे बघत होते, जसं मी त्यांना माझ्या कुठल्याच वाक्याला बघताना पाहिलं नव्हतं. नंतर एक म्हातारे गृहस्थ येऊन दादांचा हात धरून नुसते उभे राहिले.

पुढची सगळी वर्षं दादांच्या शब्दाला जो मान होता, तो त्या रविवारपासूनचा. पण तेव्हा मी चपला शोधत होते आणि मनात एकच होतं, की हे त्यांना माझ्यामुळे सुचलं नाही. माझे दादाही तिने नेले.

त्या आठवड्यात आईने मला तिळाची चटणी देऊन वर पाठवलं. मी नको म्हणत होते. काका झोपले होते. रूथबाईंनी खाटेच्या कडेवरचे कपडे उचलून मला बसायला जागा केली. मी बसले नाही. उभ्यानेच म्हणाले, 'मावशी, सगळे तुम्हाला मानतात. आई, दादासुद्धा. तुम्हाला बरं वाटत असेल.'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या आवाजात काय होतं ते त्यांना कळलं असणार. 'कधी कधी वाटतं,' त्या म्हणाल्या. 'वाटू नये, पण वाटतं.' मग हातातली सुई कापडाला टोचून ठेवली. 'तुला एक सांगू? मला तुझा हेवा वाटतो. आले त्या दिवसापासून.'

'माझा?'

'शनिवारी तू आणि दादा भांडता ना, एकेका शब्दावरून. मी इथं बसून ऐकायची. आमचे हेसुद्धा असेच होते. छापखान्यातून आले की शब्दांवरून वाद घालायचे माझ्याशी. आता ह्यांचं एक वाक्य पुरं होत नाही. खाली तू बोलायला लागलीस की मला वाटायचं, जाऊन दार लावून घ्यावं तुमचं. देवाला रोज सांगते, हा हेवा काढ माझा. अजून काढला नाही.' त्या थोडं हसल्या. 'गेले किती शनिवार आवाज नाही तुमचा. तेही बरं वाटत नाही बघ.'

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं, तर मला समजावायला म्हणून सांगतेय असं मी धरून चालले असते. पण ही बाई खोटं बोलत नाही, हे आता सगळ्या कंपाउंडाला माहीत होतं. मला ते मानण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

माझा हेवा त्या दिवशी गेला, असं मी म्हणणार नाही. आईजवळ त्यांना बघितलं की पुढेही तो डोकं वर काढायचाच. पण शनिवार आला तेव्हा मी वही घेतली, दादांच्या समोर जाऊन बसले आणि म्हणाले, 'सांगा.' ते नको-नको म्हणत सुरू झाले. तिसऱ्याच वाक्याला मी त्यांना अडवलं. मग उठले, पुढचं दार सताड उघडलं, आणि नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात भांडायला बसले.